पाळी : अर्थ अकरावा

त्या मंगळवारी मी कोशमंडळाच्या कार्यालयाचे कुलूप दहाला दहा मिनिटे कमी असताना उघडले. खिडक्यांचे अडसर काढले. रात्रभरात छतावरून टेबलांवर पडलेली चुन्याची भुकटी ओल्या फडक्याने पुसली, माठातले शिळे पाणी कुंडीत ओतून ताजे भरले, दौतीत शाई घातली. मग भिंतीलगतच्या लाकडी कपाटाचा ‘पा’चा खण बाहेर ओढला आणि ‘पाळी’ या शब्दाची कार्डे काढून टेबलावर क्रमाने मांडली. एकूण चौदा. हे १९७९ च्या जानेवारीतले. सोलापुरात त्या वर्षी थंडी बरी होती, आणि मी उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची सरकवून बसले होते, हेही मला आठवते.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद. वर शब्द, खाली अर्थाचा क्रमांक, तो कोणत्या क्षेत्रातला ते, व्याख्या आणि एक उदाहरण. तळाशी ‘सांगणार’ असे लिहून त्या व्यक्तीचे नाव आणि त्याखाली एक ओळ : ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ त्या ओळीखाली सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा. छापील पुस्तकातून न घेतलेला कोणताही अर्थ, सांगणाऱ्याला वाचून दाखवून सही घेतल्याशिवाय आमच्या कोशात जात नसे. हा नियम मुख्य संपादक डॉ. मुजुमदार यांनी स्वतः घातला होता, आणि त्यासाठी विद्वानांच्या सभांत त्यांचे कौतुक होई. मलाही त्याचा अभिमान होता. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची सहायक संपादक होते. माझ्या नेमणुकीच्या वेळी ‘बाई नको’ म्हणणाऱ्या समितीशी सर भांडले होते.

‘पाळी’च्या चौदा अर्थांपैकी नऊ एकाच बाईने सांगितले होते. शेतातली कुळवाची पाळी, कालव्याच्या पाण्याची पाळी, गावची गुरे राखण्याची पाळी, तुळजापूरच्या पुजाऱ्यांची पाळी, कानाची पाळी, बायकांची महिन्याची पाळी, गिरणीतली कामाची पाळी, आणि आणखी दोन. हे सारे कोंडाबाई सुरवसे यांनी एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता मला सांगितले होते. लहानपण शेतात गेले, नंतर बावीस वर्षे त्या गिरणीच्या रीळ खात्यात होत्या. मी गिरणीतले शब्द शोधत त्यांच्या चाळीत गेले होते आणि अधाशासारखी लिहून घेत होते. त्या प्रत्येक अर्थाला लगेच एक वाक्य देत. इतकी नेमकी वाक्ये मला पदवीधरांकडून कधी मिळाली नव्हती.

सव्वादहाला सर आले. टोपी खुंटीला लावली, माझ्या टेबलापाशी थांबले.

“होनपबाई, त्या गिरणीतल्या आजी आज येणार ना?”

“हो सर, अकराला. कार्डं वाचून दाखवते. प्रूफ दुपारी छापखान्यात पोचवायचं आहे.”

“प्रूफ मी रात्री पाहिलं. ठीक आहे.” त्यांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. “अकरावं मी नव्यानं लिहिलंय, प्रूफातही तसंच जुळवून घेतलंय. जुनं बाजूला काढा.”

मी दोन्ही कार्डे शेजारी ठेवली. व्याख्या एकच होती : ‘(गिरणी, रीळ खाते) खात्याबाहेर जाण्यासाठी स्त्री-कामगारांनी आळीपाळीने वापरायचा पितळी बिल्ला.’ छत्तीस बायकांत असा एकच बिल्ला असे. तो नाईकिणीच्या, म्हणजे बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईच्या, डोक्यामागे भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला असे. ज्या बाईच्या हाती बिल्ला, तिनेच पाण्याला किंवा मोरीला जायचे. तो परत खिळ्याला लागेपर्यंत दुसरीने आपला साचा, म्हणजे यंत्र, सोडायचा नाही. त्या बिल्ल्यालाच बायका ‘पाळी’ म्हणत.

माझ्या कार्डावरचे उदाहरण कोंडाबाईंच्या शब्दांत होते : ‘पाळी माझ्यापाशी हुती, म्हणून गौरा साच्यावरनं हलली न्हाई.’

सरांच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात होते : ‘पाळी घेऊन ती पाणी पिऊन आली.’

“वाक्य बदललंय, सर.”

“अर्थ तोच आहे. उदाहरणात प्रयोग हवा, घटना नको. कोण गौरा? का हलली नाही? वाचक तिथंच अडखळतो. शिवाय त्या वाक्यात एक तक्रारीचा सूर आहे. कोश म्हणजे फिर्याद नोंदवायची चौकी नव्हे.”

“मग नवं वाक्य त्यांना वाचून दाखवते.”

“नको. बदललं कळलं की तासभर हुज्जत घालतील. तुम्ही जुनंच वाचा. सही नव्यावर घ्या.” माझा चेहरा पाहून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “अर्थ तोच असताना फसवणूक कुठं झाली? चौदा कार्डांच्या चळतीत एक इकडचं तिकडं.”

मी म्हणाले, “बरं.”

यापेक्षा वेगळे काही मी म्हणाले होते, असे लिहायला मला आवडले असते.

कोंडाबाई अकराच्या आधीच आल्या. साठीपुढचे वय, हिरवे नऊवारी, पाठीचा कणा सरळ. वहाणा दाराबाहेर ठेवल्या, खुर्चीकडे पाहिले आणि जमिनीवरच बसल्या. मीही कार्डे घेऊन खाली बसले.

“वाच मास्तरीण. मी काय काय बरळले, ते तरी कळू दे मला.”

मी वाचत गेले. कुळवाच्या पाळीला त्यांनी मान डोलावली. पाण्याच्या पाळीला म्हणाल्या, “ह्ये नीट लिव्हलंस. नवरा घोरत पडायचा, अन् रातचं पान्याची दारं धरायला मी.” पाचवा अर्थ कानाच्या पाळीचा. त्याचे उदाहरण सरांनी स्वतः रचले होते, आणि ते त्यांना फार आवडत असे : ‘तिच्या कानांच्या पाळ्यांवर टपोऱ्या मोत्यांचे डूल हिंदोळत होते.’

कोंडाबाई हसू लागल्या. “मोत्याचं? कुणाच्या गं कानात?”

“कुणाच्या नाही. नुसतं उदाहरण आहे.”

“मग माझ्या कानाचं दे की उदारण.” त्यांनी पदर मागे सारून डावा कान दाखवला. पाळी खालपर्यंत चिरलेली होती. “थोरल्यानं कुडीसकट वडली, सा महिन्याचा असताना. ह्यो खरा कान हाय. त्या मोतीवालीला कुणी बघितलंय?”

महिन्याच्या पाळीचे कार्ड मी जरा खालच्या आवाजात वाचले. त्यांनी लगेच माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “मोठ्यानं वाच की! त्यो सायब आत बसलाय म्हणून व्हय? त्याच्या आईलाबी येत हुती.”

आतल्या खोलीत सरांची खुर्ची करकरली. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

मग अकरावे आले. नवे कार्ड माझ्या मांडीवर चळतीत होते. जुने मी वहीत ठेवले होते. वही उघडून मी त्यातून वाचले. “पाळी माझ्यापाशी हुती, म्हणून गौरा साच्यावरनं हलली न्हाई.”

कोंडाबाईंचे हसू थांबले. त्यांनी डोळे मिटले.

“परत वाच.”

मी परत वाचले.

“‘माझ्यापाशी’ हाय न्हवं त्यात?”

“आहे.”

“तेवढं ऱ्हाऊ दे. बाकी तुझ्या सायबाला काय खालीवर करायचं ते करू दे. पण ‘माझ्यापाशी’ ऱ्हायलं पायजे.”

एवढ्यात सर दारात आले. त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा मागवला आहे म्हणून सांगितले. “आजी, तुमच्यामुळे कोश समृद्ध झाला. सही करता ना?”

“करते की. शिकलेय मी सही. अंगठा न्हाई देत आता.”

मी कार्डे एकेक करून त्यांच्यापुढे ठेवत गेले. त्या पेन मुठीत धरून, जीभ दातांत दाबून, एकेक अक्षर काढत. ‘कोंडाबाई सुरवसे’ लिहायला त्यांना मिनिटभर लागे. आठ सह्या झाल्या. नववे कार्ड, म्हणजे अकरावा अर्थ, मी पुढे ठेवले, तेव्हा सर अजून दारात उभे होते. कोंडाबाईंनी त्या कार्डावरच्या ओळींवरून बोट फिरवले. त्यांना सहीपुरतीच अक्षरे येत होती. बोट शेवटी जरासे थांबले, मग त्यांनी सही केली. ही सही बाकीच्यांपेक्षा जास्त सावकाश केली.

सर समाधानाने आत गेले. चहा आला. बशीत ओतून कोंडाबाईंनी फुंकर मारली, आणि कार्ड हातात घेऊन माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या.

“गौरा माझी धाकटी जाऊ. तीस वर्सं झाली आता. मीच लावली तिला खात्यात, नाईकिणीच्या हातापाया पडून. सातवा म्हैना हुता तिला. त्या दिशी सकाळच्या पाळीत मी बिल्ला घेऊन भाईर गेले. पानी पिले, अन् नळामागं उनात बसले मिश्री लावत. लई थंडी हुती बघ, आजच्यावानी. म्हणलं, बसू घडीभर. कोण इचारतंय? बिल्ला माझ्या हातात. आन् हिकडं हिला कळा सुरू. नाईकिणीला म्हणली, मला जाऊ द्या. नाईकीण म्हणली, पाळी भाईर हाय, येऊ दे. पोर उभी ऱ्हायली साच्याला धरून. मी आले तवा लुगडं भिजून खाली धार लागलेली.”

चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

“प्वार तितंच गेलं. ती चवथ्या दिशी.”

त्यांनी पदराने हात पुसले.

“मग हापिसात बोलावलं आमाला. सायबानं लिव्हलेलं कारकुनानं वाचून दाखवलं. ‘गौरानं नाईकिणीला इचारलं, पाळी भाईर हुती, म्हणून ती गेली न्हाई.’ मी म्हणलं, बरुबर हाय. अंगठा दिला. माझं नाव त्यात न्हवतं, तर गप बसले मी. भ्याले. मागनं दिराला कागद मिळाला. त्येनं दुसऱ्याकडनं वाचून घेतला. त्यात लिव्हलं हुतं, पाळी खिळ्याला हुती, गौरानं इचारलंच न्हाई, आपल्या मर्जीनं उभी ऱ्हायली. अन् खाली माझा अंगठा. वाचलं येक, अंगठा घेतला दुसऱ्यावर.” त्यांनी कार्ड माझ्या हातात दिले. “दीर मरंस्तवर बोलला न्हाई माझ्याशी. तवापासनं सही शिकले. पर खरं कुटं लिव्हायचं म्हणून? देवाम्होरं सांगून झालं, देव काय लिवून घेत न्हाई. तू त्या दिशी वही घेऊन आलीस. म्हणलं, हितं निघू दे. पुस्तकात जाईल म्हणालीस न्हवं?”

“हो.”

“मग झालं.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दारात वहाणा घालताना म्हणाल्या, “चांगली हाईस तू. वाचतीस चांगलं.”

त्या जिना उतरेपर्यंत मी जमिनीवरच बसून होते. मग उठले आणि सरांच्या खोलीत गेले. दार लोटायचे मला सुचले नाही. ऐकलेले सारे मी त्यांना सांगितले. माझा आवाज चढलेला होता. खाली ग्रंथालयात बसलेली माणसे वर पाहू लागली, असे मागून कळले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते निष्ठुर नव्हते. त्यांचे डोळेही थोडे ओलावले असावेत. “फार वाईट झालं,” ते म्हणाले. “पण म्हणूनच ते कोशात नको. दुःख खाजगी असतं, होनपबाई. त्याचं उदाहरण करू नये.”

“तिनं स्वतः केलंय ते, सर. आपण पुसलंय.”

“आपण सर्वसामान्य वाक्य घातलं.”

“दुसऱ्या, पहाऱ्याच्या अर्थाखाली बखरीतलं वाक्य आहे. ‘पाळीचे लोक निद्रिस्त, इतक्यात शिड्या लागल्या.’ ती घटना नाही?”

“तो इतिहास आहे.”

“आणि छत्तीस बायका एका बिल्ल्याची वाट पाहत साच्याशी उभ्या राहत होत्या, तो?”

“त्याला छापील आधार नाही.”

“कसा असेल? आधार द्यायला आली, तर तिला ‘पाणी पिऊन आली’ म्हणून वाटेला लावलं आपण! ज्या गोष्टीनं ती तीस वर्षं जळतेय, नेमकी तीच लिहिलीत तुम्ही. बिल्ला घेऊन ती पाणी पिऊन आली. तेवढंच लिहिलंत, आणि पुढचं खाल्लंत.”

ते वाक्य किती खरे होते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले असावे. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि त्याबरोबर त्यांचा आवाज पूर्ववत झाला.

“हे पाहा, प्रूफ पास झालेलं आहे. एका वाक्यासाठी पान मोडायचं नाही. आणि कार्डावर तिची सही आहे ना?”

“आहे.”

“मग विषय संपला. नियमानं सगळं झालेलं आहे.”

मी आजवर अनेक माणसांवर चिडले आहे. पण त्या दुपारी मला जो राग आला, तो थंड होता. मी प्रूफ घेतले, दोन्ही कार्डे घेतली, टेबल आवरले, दौतीचे झाकण लावले आणि खिडक्यांचे अडसर घातले.

छापखाना दोन गल्ल्या सोडून होता. इस्माईलभाई आमची पाने पहिल्या खंडापासून जुळवत. लोखंडी चौकटीत त्यांनी पान आवळून ठेवले होते, फक्त आमच्या ‘छापा’ची वाट होती. मी उभ्या उभ्याच प्रूफावर अकराव्या अर्थाचे उदाहरण खोडले आणि समासात कोंडाबाईंचे वाक्य लिहिले.

त्यांनी ते वाचले. ओठांनी पुन्हा वाचले. “‘न्हाई’ असंच ठेवायचं?”

“असंच. आणि वाक्यापुढं कंसात ‘कोंडाबाई सुरवसे’.”

“नावासकट एक ओळ वाढते, बाई. पान बांधून झालंय. एक काढावी लागेल.”

“पाचव्या अर्थातलं मोत्यांच्या डुलांचं वाक्य काढा. बरोबर एका ओळीचं आहे.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “सरांचं आहे ते.”

“माहीत आहे.”

“उद्या त्यांनी मला विचारलं, तर?”

मी दुरुस्तीशेजारी माझे पूर्ण नाव लिहिले. ‘कुंदा यशवंत होनप’, खाली तारीख. एरवी आम्ही आद्याक्षरे घालत असू. “हा कागद दाखवा.”

इस्माईलभाईंनी पान्याने चौकट सैल केली. चिमट्याने मोत्यांच्या डुलांच्या ओळीतले अक्षरांचे खिळे उचलून ते आपापल्या खणांत टाकू लागले. त्या जागी दुसरे खिळे बसेपर्यंत मी तिथे थांबले. नवे प्रूफ ओले असतानाच तपासले. मग त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर राजीनाम्याच्या चार ओळी लिहिल्या, कपाटाची किल्ली त्यात गुंडाळली आणि सरांसाठी म्हणून त्यांच्याकडे दिली. पान रात्रीच छापले गेले. तो खंड अजून ग्रंथालयांत आहे, आणि पाचव्या अर्थाला त्यात उदाहरण नाही.

पण हे सोपे होते. पान दुरुस्त करून मी कोणाच्याही नजरेला नजर न देता घरी जाऊ शकले असते, आणि कोंडाबाईंना त्यातले काही कधी कळले नसते. त्यांच्या लेखी मी चांगली होते. चांगले वाचत होते.

चाळीपाशी पोचले तेव्हा दुपारच्या भोंग्याने सुटलेली माणसे घरी परतत होती. कोंडाबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या.

“काय गं? काय इसरलं?”

मी त्यांच्यासमोर उंबऱ्याबाहेर बसले. दोन्ही कार्डे काढली. सही असलेले डाव्या हाताला ठेवले, बिनसहीचे उजव्या हाताला.

“सकाळी मी तुम्हाला वाचून दाखवलं ते हे,” मी उजवीकडे बोट ठेवले. “आणि तुमची सही घेतली ती ह्याच्यावर. ह्यात दुसरं लिहिलंय. मला माहीत होतं.”

शेंगा फोडणारे हात थांबले. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. सकाळी गुडघ्यावर चापट मारणारी ती बाई आता त्या चेहऱ्यात नव्हती.

“काय लिव्हलंय?”

मी वाचले. “पाळी घेऊन ती पाणी पिऊन आली.”

मग हात लांब करून त्यांनी ते कार्ड घेतले, आपल्या सहीवरून बोट फिरवले आणि सही शाबूत राहील अशा बेताने वरचा मजकूर फाडून वेगळा केला. मजकुराचा तुकडा त्यांनी शेंगांच्या टरफलांत टाकला. सहीचा तुकडा कनवटीला खोवला.

“दुसरं वाच,” त्या म्हणाल्या. “अन् शेजारच्या शांतीची पोर चवथीत हाय. तिला हाक मार. तू वाचल्यावर तिच्याकडनंबी वाचून घेते.”

मी उठले आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.